एका फांदीची सावड

सुहुआकाकूंचं पार्सल आलं तेव्हा नासपतीच्या कळ्या अजून मिटलेल्याच होत्या. डोंगरावरच्या सगळ्यांची पार्सलं माझ्या दुकानात येऊन पडतात, कारण गाडी इथून पुढे चढत नाही. मी मीठ विकते, दारू विकते, फवारणीचे डबे विकते आणि पार्सलं सांभाळते. कोणाच्या लेकाला आईची आठवण कधी येते हे गावात सगळ्यांत आधी मला कळतं, आणि खरं सांगायचं तर त्या कामात फारशी धावपळ होत नाही.

"उघड की गं," काकू म्हणाल्या.

"तुमच्या छांगमिंगने पाठवलंय. मी कशाला उघडू?"

"मला नखं कुठं ऱ्हायलीत? उघड."

ते खरंच होतं. दर हिवाळ्यात चुना आणि गंधक शिजवून झाडांना फासून फासून त्यांची बोटं खोडासारखी राठ झाली होती. चुलीतला निखारा त्या चिमट्याशिवाय उचलायच्या, आणि कोणी बघतंय असं दिसलं की जरा जास्तच वेळ धरायच्या.

पार्सलमध्ये विजेचं ब्लँकेट निघालं. गुलाबी, मऊ, आणि वायरला फिरवायचं बटण. बटणावर तीन ठिपके.

"बघा, लेकाला तुमच्या थंडीची केवढी काळजी," मी म्हटलं.

"माझ्या थंडीला काय धाड भरलीय? जुनं ब्लँकेट जळालं, पूड कशावर वाळवू, असं म्या त्याला इचारलं व्हतं."

एवढं म्हणून त्या ते छातीशी धरून चढाला लागल्या. वळणावर मात्र थांबल्या आणि त्या गुलाबी लोकरीला त्यांनी हळूच गाल लावला. मला दिसत नाही असं त्यांना वाटलं असावं.

आमच्या खोऱ्यात मधमाश्यांचं काम माणसं करतात. फवारणी वाढली तशा माश्या गेल्या, आणि मधाच्या पेट्या घेऊन फिरणारेही आता आमचं नाव काढत नाहीत. म्हणून आधी दुसऱ्या जातीच्या झाडाच्या कळ्या तोडायच्या, त्यातले केसर चाळून घ्यायचे, उबेत वाळवायचे. केसर फुटून पिवळी पूड सुटली की ती बाटलीत भरून गळ्यात बांधायची, झाडावर चढायचं आणि बांबूच्या काडीला बांधलेल्या कोंबडीच्या पिसांनी फुलाफुलाला लावायची. फुलं थोडेच दिवस टिकतात. त्यात वारा सुटला, पाऊस आला की खेळ खलास. हे एकट्याचं काम नव्हे. म्हणून सावड. आज तू माझ्या झाडांवर, उद्या मी तुझ्या. सावड दिवसांनीच फेडायची. पैसे पुढे केले तर माणूस तोंड फिरवतो.

पूर्वी फुलांच्या दिवसांत डोंगर माणसांनी भरायचा. या झाडावरून त्या झाडावर शिव्या जायच्या, गाणी जायची, लग्नंसुद्धा ठरायची. आता तरणी माणसं शहरात, आणि खालची सगळी उतरण संत्र्याच्या कंपनीने भाड्याने घेतलेली. नासपती उपटल्या, यंत्राने बांध मोडले, काळ्या नळ्या पसरल्या. वर उरली दोन घरं. सुहुआकाकू, आणि त्यांच्या खालच्या अंगाला पू तिंगगुई, वयाने सत्तरीच्या पुढचे. काकूंच्या नवऱ्याची आणि त्यांची सावड होती. नवरा वारला तशी ती काकूंकडे आली, जमिनीबरोबर जशी पाण्याची पाळी येते तशी.

नवीन वर्षाला छांगमिंग आला होता तेव्हा त्याने आईला सरळच सांगितलं होतं, "या साली झाडं धरली तर तुझं खरं. नाही धरली तर जमीन कंपनीला देऊन टाकायची आणि तू चेंगडूला माझ्या घरी यायचंस. कबूल?" काकूंनी मान हलवली होती. चौदाव्या मजल्यावरच्या त्या घरात त्या एकदा राहून आल्या होत्या. "समदी चांगली हायेत," त्यांनी मला सांगितलं होतं, "सून बी चांगली. पन सकाळी उठून करायचं काय? खिडकीत हुबं ऱ्हायचं. खाली बघितलं की भोवळ येती, वर बघितलं की कायच न्हाई." त्या वेळी मी हसले होते.

यंदा काकूंनी पलंगावर नवं ब्लँकेट अंथरलं, त्यावर कागद, कागदावर केसर पसरले आणि वरून पातळ चादर घातली. बटण शेवटच्या ठिपक्यावर ठेवलं. लेकाने चांगल्यातलं पाठवलंय, तर अर्धं कशाला वापरायचं? हात ठेवून पाहिला. कोमट लागलं. जुन्या ब्लँकेटवर दिवस आणि रात्र जायची; यावर दुपारच्या आतच पूड सुटली. फोनला रेंज माझ्या दुकानापाशीच येते, म्हणून मुद्दाम खाली आल्या.

"छांगमिंग, तुझ्या ब्लँकेटनं कमाल केली रं! निम्म्या येळात झालं!"

"म्हटलं नव्हतं का, आई? आता गाडी चालवतोय, नंतर बोलतो."

फोन बंद झाल्यावरही त्या तो कानाला लावून उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "कामात असतो."

खालच्या अंगाची फुलं आधी उमलतात म्हणून पहिली सावड पूभाऊजींच्या झाडांवर पडली. ते आपली पूड बुटांच्या जुन्या खोक्यात, पिवळ्या दिव्याखाली वाळवतात. एका घराची पूड दुसऱ्या घराला लावायची नाही हा त्यांचा नियम; का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

"वहिनी, त्या फांदीवर पाय नका दिऊ, कुजलीय."

"मी तुमच्यापेक्षा हलकी हाय."

"व्हय, पन पडला तर उचलायचं कुनी? मी वाकलो की माझंच मला उठवत न्हाई."

"तर मंग दोघं बी पडून ऱ्हाऊ. संत्र्यावाले येऊन आपल्यावर नळ्या टाकतील."

ते दोघे दिवसभर असं बोलायचे. बोलायला दुसरं कोणी नव्हतंच. दुपारी झाडाखाली बसून थंड भात आणि मुळ्याचं लोणचं खायचे. मान वर करून करून ताठलेली असायची, तेव्हा दोघंही आभाळाकडे तोंड करूनच घास चावायचे.

मग काकूंची झाडं. ती जास्त, आणि चढ उभा. काकू वरच्या झाडांवर, भाऊजी खालच्या, दोघांच्या गळ्यांत काकूंच्या पुडीच्या बाटल्या. भाऊजींची काडी एकसारखी फिरे, जणू पोराच्या कपाळाला टिळा लावावा. शेवटच्या दिवशी नदीकडून ढग वर येऊ लागले. पाटाकाठचं एक झाड राहिलं होतं आणि बाटल्या रिकाम्या झाल्या.

"ऱ्हाऊ द्या ते," काकू म्हणाल्या. "एक झाड न्हाई धरलं तर काय आभाळ कोसळतंय?"

"कोसळायलाच आलंय. माझ्या घरची थोडी खिशातल्या बाटलीत हाय, ती लावतो."

"आनि तुमचा नियम?"

"नियमाला घरी ठिवून आलोय." आणि ते धापा टाकत झाडावर चढले. पहिला थेंब पडायच्या आत उतरले, आणि उतरल्यावर बराच वेळ खोडाला टेकून उभे राहिले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते, पण काकू रिकाम्या बाटल्यांना झाकणं लावत होत्या, त्यांनी पाहिलं नाही.

पाकळ्या गळल्या. देठाशी कोवळ्या फळाचा हिरवा गाठोळा दिसायला हवा, तो दिसेना. काकू रोज सकाळी फांदी ओढून डोळ्यांजवळ धरायच्या. आधी म्हणाल्या उशीर होतोय, मग म्हणाल्या थंडी. देठ पिवळे पडले आणि झाडांखाली नुसत्या काड्यांचा थर साचला. पूभाऊजींची झाडं मात्र लगडली होती. आणि काकूंच्या उतरणीवर पाटाकाठचं ते एकच झाड गच्च धरलं होतं.

"माझा हात गेला," काकू दुकानात बसून म्हणाल्या. "आता माझ्या हातात काय बी ऱ्हायलं न्हाई." रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पूभाऊजींनी ऐकलं तेव्हा ते चिडले. "हात कसा जाईल? निम्मी झाडं तर मी केली. ती तरी कुठं धरली? पूड कशावर वाळवलीत, दावा."

काकूंनी ब्लँकेट अंथरलं आणि बटण फिरवलं. भाऊजी गुडघ्यांवर बसले, आधी हात ठेवला, मग वाकून गाल टेकवला. काही वेळाने मान वर केली तेव्हा गाल लालभडक झाला होता.

"वहिनी, ह्याच्यावर अंडं ठेवलं तर उकडंल."

काकूंनी स्वतःचा गाल टेकवला आणि लगेच उचलला. पूड भाजून मेली होती. दिसायला तीच, पिवळी धमक, पण मेलेली. ती मेलेली पूड दोघांनी पाय थरथरेपर्यंत फुलाफुलाला लावली होती. काकू तिथेच जमिनीवर बसल्या.

"भाऊजी, छांगमिंगला ह्यातलं काय बी सांगू नगा."

"का? खरं हाय ते सांगायचं. पुढल्या साली झाडं धरतील, एवढं त्याला कळलं तर—"

"त्यानं मायेनं पाठवलंय."

भाऊजी चिलमीला टिचक्या मारत बसले, तंबाखू संपलेली असूनही.

उन्हाळ्यातल्या ड्रॅगन-होड्यांच्या सणाला छांगमिंग आला. पानात गुंडाळलेला चिकट भात आईसाठी, माझ्यासाठीसुद्धा. पोरगा वाईट नाही. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. मी सणाचं तेल घेऊन वर गेले होते, म्हणून पुढचं माझ्यासमोर झालं. तो बागेतून फिरून आला आणि अंगणात पूभाऊजींसमोर बसला.

"आई, आता ठरल्याप्रमाणे कर. कंपनीचा माणूस पावसाळ्यानंतर येतो म्हणालाय."

"हं."

"पाटाजवळचं झाड छान धरलंय की. ते कोणी केलं?"

"भाऊजींनी."

"बघ. म्हणजे काकांचा हात अजून चालतो. तुझा थकलाय, त्यात लाजायचं काय? किती वर्षं राबलीस."

काकूंनी आपले हात पदराखाली घ्यावे तसे मळक्या एप्रनखाली घेतले. ब्लँकेट आत पलंगावर घडी घालून ठेवलेलं दारातून दिसत होतं. भाऊजींनी एकदा ब्लँकेटकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मला वाटलं, आता सांगणार. मला तर स्वतःलाच सांगावंसं वाटत होतं, जीभ दातांखाली धरली होती.

"वहिनींना जाता येनार न्हाई," भाऊजी म्हणाले.

"का?"

"त्यांना माझी सावड फेडायची हाय. त्यांची झाडं जास्त, माझी कमी. माझे दिवस त्यांच्याकडं ऱ्हायलेत."

छांगमिंग हसला. "एवढंच ना? किती दिवस झाले, सांगा. शहरातल्या मजुरीच्या भावाने देतो." आणि त्याने खिशातून फोन काढला.

भाऊजींनी चिलीम खाली ठेवली. "तुझ्या बानं माझ्याकडं सावड केली, मी त्याच्याकडं केली. त्याच्या तिरडीला खांदा दिला तो बी सावडीतच धरला. तू मला पैसं देतोस व्हय?"

छांगमिंगचा चेहरा उतरला. फोन खिशात गेला. "मग पुढच्या फुलांपर्यंत," तो शेवटी म्हणाला. "दिवस फेड आणि ये. त्यापुढे नाही, आई. मला रात्री झोप लागत नाही, तू इथे एकटी पडलीस तर—" आणि तो उठून पाटाकडे गेला.

काकूंनी भाऊजींच्या वाटीत भात वाढला, वर साखर जरा जास्तच घातली. आभार वगैरे कोणी मानले नाहीत.

हिवाळा कोरडा आणि लांबलचक गेला. मी वर्षानुवर्षं इथे आहे, पण त्या हिवाळ्यासारखा एकटेपणा मला कधी जाणवला नव्हता. संध्याकाळी डोंगरावर दोन धूर दिसायचे, एक वर, एक खाली, आणि ते दिसले की मी फळी लावून घ्यायचे. नवीन वर्षाचे फटाके संपून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा एका सकाळी खालचा धूर दिसला नाही. मी विचार केला, उशिरा उठले असतील. काकूंनी तसला विचार केला नाही. त्या धावत उतरल्या.

पूभाऊजी चुलीपुढे पडले होते. डोळे उघडे, अर्धं तोंड ओघळलेलं. काकूंनी त्यांना एकटीने उचलून पलंगावर घातलं, कसं ते त्यांनाही सांगता येत नाही. लशान शहरातून भाऊजींची मुलगी गाडी करून आली. नवऱ्याबरोबर तिने वडिलांना खुर्चीत बांधून माझ्या दुकानापर्यंत खाली आणलं. भाऊजींना बोलता येत नव्हतं. गाडीत घालताना त्यांनी चांगला हात उचलून छातीवर, गळ्याखाली चाचपलं. बाटली लटकते तिथे.

"काय पाहिजे, बाबा?" मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती. "बटण लावू? थंडी वाजतेय?"

काकूंना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "व्हय भाऊजी. ध्यानात हाय माझ्या."

मुलीने घराला कुलूप लावलं. काकूंनी तिच्याकडे दोनच वस्तू मागितल्या, बुटांचं खोकं आणि तो दिवा. "आणि यंदाची फळं?" काकूंनी विचारलं. मुलीला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, "काकू, आम्ही कोण येतोय इथे? झाडंही पुढेमागे कंपनीलाच जातील. तुम्ही कशाला जीव काढता?"

फुलं आली. दुसऱ्याच दिवशी छांगमिंगचा फोन.

"आई, मला कळलं काकांचं. वाईट झालं. पण आता ज्यांचं देणं तेच तिथे नाहीत. मी या आठवड्यात येऊ का न्यायला?"

"ते न्हाईत. झाडं हायेत."

"झाडांना काय कळतं, आई?"

"तुझ्या बानं खांदा द्यायला मानसं कुठून आनली असती रं, झाडं बघूनच सावड हुती ना? दिवस फेडते आनि सांगते." असं काहीतरी त्या बोलल्या, नीट जुळलं नाही ते त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी फोन घाईने माझ्या हातात दिला.

काकूंनी खोक्यात केसर पसरले, दिवा लावला, आणि तासातासाने गाल लावून पाहिला. ब्लँकेट त्यांनी थंडीभर अंगाखाली घेतलं होतं, पहिल्या ठिपक्यावर. झोप छान लागते म्हणायच्या. छांगमिंगलाही तसंच सांगितलं होतं आणि तो फार खूश झाला होता.

स्वतःच्या झाडांना हात न लावता त्या आधी भाऊजींच्या झाडांवर चढल्या. माझ्या दाराशी उभं राहिलं की ती उतरण समोर दिसते. पांढऱ्या फुलांत एक निळा ठिपका सरकताना दिसायचा, थांबायचा, पुन्हा सरकायचा. एकदा वाऱ्यावर आवाज आला, "भाऊजी, हिकडची झाली बघा!" आणि मग बराच वेळ काहीच नाही. ठिपका एका जागी थांबून राहिला. मी दुकान सोडून वर जायला हवं होतं. मला झाडावर चढता येत नाही, पण खाली उभी राहून शिव्या तरी दिल्या असत्या. गेले नाही, त्या दिवशी दारूची गाडी यायची होती.

नंतर काकू आपल्या झाडांवर गेल्या. तिथे सावडीला कोणी नव्हतं. उजाडल्यापासून दिसेनासं होईपर्यंत त्या एकट्याच, आणि जेवढी झाडं झाली तेवढी झाली. बाकीची फुलं तशीच गळली. पण केलेल्या झाडांवर देठाशी हिरवे गाठोळे दिसू लागले. त्या दोन फांद्या तोडून मला दाखवायला घेऊन आल्या. फळ धरलेली फांदी तोडणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

मीठ घेत होत्या तेवढ्यात फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून हल्ली त्या फोनचा स्पीकर लावून तो काउंटरवर ठेवतात आणि मोठ्याने बोलतात.

"आई, फिटले का काकांचे दिवस?"

"फिटत आलेत. शेवटच्या झाडाची एक फांदी तेवढी ऱ्हायलीय."

"मग आज करून टाक ना!"

"फुलं गळली की रं. आता फुडल्या साली."

पलीकडे कुठेतरी हॉर्न वाजला. "पुढच्या साली," छांगमिंग म्हणाला. "बरं." मग थोडं थांबून, "ब्लँकेट चालतंय ना नीट?"

"झकास चालतंय."

भाऊजींचं ते शेवटचं झाड माझ्या दारातून स्पष्ट दिसतं. काकू त्याच्यावर चढल्या होत्या त्या दिवशी ऊन होतं, वारा नव्हता, आणि दिवस मावळायला पुष्कळ अवकाश होता. सगळं झाड करून त्या खाली उतरल्या. रस्त्याकडची एकच फांदी ठेवली. खाली उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या, मग काडी एप्रनमध्ये खोचली आणि घरी गेल्या. त्यानंतरही ती फांदी किती तरी दिवस पांढरीशुभ्र होती.

मी मीठ मोजलं, पिशवी बांधली. काकूंनी ती घेतली आणि चढाला लागल्या. फुलांचे दिवस कधीच सरले होते, तरी त्यांच्या गळ्यात बाटली तशीच होती, आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत पूड होती.